बुधवारचे व्याही

फिगेइरा,
रविवार, १९ फेब्रुवारी १९८९

चि. अमादेउ,

आजी पेर्पेतुआचे आशीर्वाद. शब्द माझे, अक्षर पोस्टातल्या एर्मेलिंदाचं. तुला ती आठवत असेल. काउंटरमागे बसून पाकीट उजेडात धरायची, आणि ज्याचं पत्र त्याच्याआधी तिला सगळं कळायचं. आता निवृत्त झाली आहे, खोड मात्र गेलेली नाही. चर्चमधली रविवारची मिस्सा संपली की माझ्याकडे येते, कॉफी पिते आणि मी बोलेन ते लिहून घेते. झालं की मी तिला सगळं परत वाचायला लावते. शिकलेल्या माणसांना आपल्या पदरचं घालायची सवय असते.

तू बरा असशील असं धरून चालते. इकडे थंडी यंदा हाडात शिरून बसली आहे. उजवा गुडघा पाऊस आधी सांगतो, डावा नुसताच दुखतो. चिमणीवरचं करकोच्यांचं जोडपं परत आलं आणि आल्याआल्या चोची वाजवून भांडायला लागलं. काळी कोंबडी अंडी देईना, तिचं आम्ही सार केलं. तुझा बाप ठीक आहे. बुचाच्या झाडांची साल काढायचं काम मेअखेरपर्यंत निघत नाही, तोवर तो लाकडं फोडतो आणि माझ्या स्वयंपाकात खोड्या काढतो.

तुझं पत्र पोचलं. पहिलं पान एर्मेलिंदानं मोठ्यानं वाचलं. दुसऱ्या पानावर तिचा आवाज खाली गेला. मी म्हटलं, "भिंतींना कान आहेत ते ठीक, पण माझे गेलेत. मोठ्यानं वाच." तिनं वाचलं. मग मी पुन्हा एकदा वाचायला लावलं, कारण मला वाटलं पहिल्यांदा ती चुकली.

त्या पानाकडे येते. आधी दुसरं सांगायचं आहे.

तुझा बाप आणि तुझा सासरा एकत्र गायला कसे लागले, हे तू मला कधी विचारलं नाहीस. तुम्हाला तिकडे दोघांचा फोटो पोचला, तुम्ही हसलात, भिंतीवर लावलात. त्याच्या मागचं तुला ठाऊक नाही. ते आता ठाऊक असावं म्हणून सांगते.

ब्याऐंशी साली तू ओटिलियाला घेऊन पहाटेच्या बसनं गेलास. फ्लोरिवालची ती एकुलती पोर. बायको गेल्यावर त्यानं तिला आपल्या पावाच्या भट्टीत पिठाच्या गोणीवर बसवून वाढवली. त्याच्या मनात होतं, जावई येईल, भट्टी सांभाळेल. आणि पोर गेली कोणाबरोबर, तर झाडाची साल काढणाऱ्याच्या पोराबरोबर, लक्झेंबर्गला, विटा रचायला. तो चौकात सगळ्यांसमोर तुझ्या बापाला म्हणाला, "तुमच्या घरात एका कुऱ्हाडीशिवाय काही नव्हतं, ती तुम्ही माझ्या घरावर घातलीत." तुझा बाप टोपी ओढून वळला. घरी येऊन मला म्हणाला, "आजपासून या घरात त्याचा पाव येणार नाही."

गावात भट्टी एकच. म्हणजे तीन वर्षं तुझा बाप दिवसाआड पाच किलोमीटर चालून पलीकडच्या गावचा पाव आणत होता. तो पाव असा, की दाराला अडसर म्हणून लावावा. मला तेव्हा चार दात होते. बापाची पाठ वळली की मी मागच्या गल्लीनं भट्टीवर जायचे. फ्लोरिवाल गरम पाव माझ्या एप्रनमध्ये टाकायचा आणि म्हणायचा, "मावशी, मी तुम्हाला पाहिलं नाही." मी म्हणायचे, "मीही तुला पाहिलं नाही. पण कालचा जरा करपला होता." हे तुझ्या बापाला अजून माहीत नाही. तूही बोलू नकोस.

मग लिडिया जन्मली आणि तुमची ती कॅसेट आली. वर ओटिलियाच्या अक्षरात, "दोघा आजोबांसाठी." पत्ता मात्र आमचा. म्हणजे कॅसेट माझ्या पोराकडे, बाल्ताझारकडे, आणि ती वाजवायचं मशीन फ्लोरिवालकडे. अख्ख्या गल्लीत दुसरं नव्हतं. तुझ्या बापानं ती कपाटात चादरींच्या घडीत ठेवली. पंधरा दिवस रोज कपाट उघडायचा, बघायचा, बंद करायचा. मी विचारलं, "उबवतोयस का तिला?"

सोळाव्या दिवशी मी कॅसेट एप्रनच्या खिशात घातली आणि काठी टेकत निघाले. दार मुद्दाम आपटलं. अर्ध्या वाटेत तुझा बाप मागून आला.

"आई, दे ती इकडे."

"घे. भर चौकात आईच्या खिशात हात घालून घे."

तो घालणार नाही हे मला माहीत होतं. मागे मागे आला.

फ्लोरिवालनं आम्हाला दारात बघितलं. या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. पिठाची एक गोणी माझ्यासाठी झटकली. जरा थांबला, आणि दुसरी झटकली. आम्ही बसलो. मशीन सुरू झालं. आधी तुझं खाकरणं, मग ओटिलियाचं "बाबा, ऐकू येतंय ना?" आणि मग पोरीचं रडणं. चांगलं खणखणीत. फ्लोरिवाल भट्टीकडे तोंड करून उभा, तुझा बाप आपल्या टोपीच्या आत बघतोय.

रडणं थांबल्यावर तुझा बाप म्हणाला, "आवाज आमच्या घरचा आहे."

फ्लोरिवाल न वळता म्हणाला, "आवाज असेल. हट्ट आमचा आहे."

"तुमचा हट्ट माहीत आहे मला."

"तुमचा आवाजही गावाला माहीत आहे. कुत्री उत्तर देतात."

तीन वर्षांनी दोघांत झालेलं पहिलं बोलणं ते हे. मी गोणीवर बसून सुटकेचा श्वास सोडला. न भांडणारी माणसं मला भीती घालतात.

चार वेळा ऐकून झाल्यावर फ्लोरिवाल म्हणाला, उत्तर पाठवायला हवं. पण मशीनशी बोलायचं कसं? दोघं घसा साफ करत बसले, जसे पाद्र्यासमोर पापं आठवत असावेत. शेवटी फ्लोरिवालनं दारामागच्या खिळ्यावरची व्हियोला काढली. आपल्या डोंगरातली ती दहा तारांची, बारीक कमरेची. माझी कंबर सोळाव्या वर्षी तशी होती, एर्मेलिंदा हसते आहे, तिला लिहू दे. बायको गेल्यापासून ती त्या खिळ्यालाच होती. तारा गंजलेल्या, दोन तर नव्हत्याच. तुझा बाप गाणारा, हे तुला माहीत आहे, पण झाडावर, माणसांपासून उंच. खाली बसून, कोणाच्या साथीनं, तो कधी गायला नव्हता. मी त्याला म्हणायचे ती अंगाई त्यानं गायली. फ्लोरिवालनं अंगठ्यानं तिच्या मागे मागे चालत वाजवली.

बरं झालं गाणं. मग तुझा बाप म्हणाला, पोरीला पुन्हा एकदा ऐकू या. कॅसेट मागे नेली, लावली, तर तुझा बाप गायला लागला. कॅसेट उलटी करायची असते हे दोघांपैकी कोणालाच सुचलं नव्हतं. पोरीच्या रडण्यावरच त्यांनी गाणं भरलं. गाणं संपल्यावर अगदी शेवटी तिचा एक हुंदका उरला होता. तोही अर्धा.

त्या दुपारी दोघं एकमेकांना जे बोलले ते एर्मेलिंदा लिहायला तयार नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे दार वाजलं. फ्लोरिवाल, अंगभर पीठ.

"बटण मी दाबलं. मशीन माझं, दोष माझा."

तुझा बाप आतल्या कपड्यांवर दारात उभा. "गाऊ या मी म्हणालो. दोष माझा."

"तुमचा कसा? तुम्हाला मशीन कळतं का?"

"तुम्हाला कळतं का?"

अशा जातीचं भांडण मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तुम्हाला कळवलं की कॅसेट उंदरानं कुरतडली, दुसरी पाठवा. उंदीर नव्हता. ते खोटं माझं होतं, आज उतरवून ठेवते.

दुसरी कॅसेट यायला सहा आठवडे लागले. तोवर तो अर्धा हुंदका ऐकायला तुझा बाप दर बुधवारी दुपारी भट्टीवर जायचा, कारण बुधवारी दुपारी भट्टी बंद असते. हुंदका किती वेळ ऐकणार? उरलेल्या वेळात फ्लोरिवालनं तारा बदलल्या. मग एक गाणं, मग दुसरं. दुसरी कॅसेट आली तेव्हा त्यांची नऊ गाणी बसली होती. एका बारशाला कोणी बोलावलं, मग डुक्कर कापायच्या दिवशी, मग पलीकडच्या गावच्या जत्रेत. पावाच्या व्हॅनमध्ये पुढे दोघं, मध्ये पिठाच्या गोणीत गुंडाळलेली व्हियोला. फ्लोरिवालनं व्हॅनच्या मागच्या दारावर निळ्या रंगानं स्वतः रंगवलं, "दोन व्याही". अक्षरं उतरती आहेत असं सगळे म्हणतात. मला तर ती सरळच दिसतात.

एकमेकांना अजून अहो-जाहो करतात. "व्याहीबुवा, सूर वर गेला." "व्याहीबुवा, तुमचा अंगठा झोपलाय." तुझी आई गेल्यापासून तुझा बाप हिवाळ्यात संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून बसायचा. मी बोलले तर हं म्हणायचा. आता बुधवारी दाढी करतो. अमादेउ, तो बुधवारी दाढी करतो, एवढंच मला सांगायचं होतं आणि त्यासाठी मी एर्मेलिंदाचा हात दुखवला.

आता दुसरं पान.

तू लिहितोस, नोव्हेंबरातल्या सर्व संतांच्या दिवसापासून तू ओटिलियाच्या घरात राहत नाहीस. दुसऱ्या शहरात राहतोस, एका बाईकडे, बाई भली आहे. असेल. दुसरीचा नवरा सांभाळणाऱ्या बाया सुरुवातीला भल्याच असतात. पुढे लिहितोस, "आजी, बाबांना तूच हळूच सांग, तुला जमतं."

जमतं. मला बरंच जमतं. हे मी सांगणार नाही.

लग्न तुझं आहे. मी उपदेश करत नाही. तुझ्या आजोबांना सोडून जावं असं मला दर हिवाळ्यात वाटायचं, रस्ते चिखलाचे म्हणून राहिले. पण तुमचं मोडलं की हे दोघं कोण? कोणाच्या नावानं व्याही? तू तिकडे एक दार ओढून घेतलंस, ते इकडे दोन म्हाताऱ्यांच्या बोटांवर आपटणार आहे. म्हणून तू लिही. दोघांना वेगवेगळं लिही, तुझ्या हातानं. त्यांना वाचता येतं. माझ्यासारखं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची वेळ त्यांच्यावर आणू नकोस.

वाट बघते. आधी पत्राची, मग तुझी.

तुझी आजी,
पेर्पेतुआ


फिगेइरा,
रविवार, २३ जुलै १९८९

अमादेउ,

आशीर्वाद आहेतच. ते रागाच्या दिवशीही द्यायचे असतात.

ऊन असं आहे की दुपारी मांजरसुद्धा सावली सोडत नाही. जत्रेसाठी घराला चुना लावून झाला, म्हणजे शेजारणीनं लावला आणि मी खुर्चीत बसून राहिलेल्या जागा दाखवल्या. मी थकले आहे. हे मी आजवर कधी लिहवून घेतलं नव्हतं, म्हणून एर्मेलिंदानं मान वर करून बघितलं. लिही म्हटलं, खरं आहे.

तुझं कार्ड मिळालं. पुलाचं चित्र चांगलं आहे. मागे चार ओळी. ऑगस्टात जत्रेला येतो, तिलाही आणतो, तुम्हाला ती आवडेल. फेब्रुवारीत मी जे मागितलं त्याचं एक अक्षर नाही. तुला वाटलं असेल, म्हातारीनं एव्हाना सांगून टाकलं असेल. किंवा वाटलं असेल, आपोआप कळेल. आपोआप काही कळत नाही बाळा. कोणीतरी ते पाठीवरून वाहून आणतं.

मी वाट पाहिली. ईस्टर गेला. बुधवार चालूच होते, मीही आता जाऊन बसते, घरी मन लागत नाही. ऐकू कमी येतं म्हणून मी बघते जास्त. पूर्वी गाताना तुझा बाप फ्लोरिवालच्या बोटांकडे बघायचा आणि फ्लोरिवाल त्याच्या तोंडाकडे. आता दोघंही फरशीकडे. पूर्वी आल्याआल्या फ्लोरिवाल विचारायचा, "काय व्याहीबुवा, तिकडून काही?" ते बंद झालं. आणि सासरी निघालेल्या पोरीचं ते गाणं आहे ना, त्यातलं तिसरं कडवं तुझा बाप गाळायला लागला. ज्यात ती म्हणते, दार लावू नका, माझा माणूस मला घेऊन येईल. तो गाळायचा आणि फ्लोरिवाल काही झालंच नाही असा थेट चौथ्याला जायचा. चार वर्षं बरोबर वाजवणाऱ्या माणसाला कडवं गळलेलं कळत नाही?

मेच्या शेवटच्या बुधवारी मी शेंगा सोलत होते. म्हटलं, "बाल्ताझार, तिसरं कडवं कुठं गेलं?"

"विसरलो."

"फ्लोरिवाल, तूही विसरलास?"

"मी गात नाही मावशी. मी वाजवतो."

मी टोपली खाली ठेवली. म्हटलं, "पोरांचं मोडलं आहे. मला माहीत आहे. आणि तुम्हा दोघांकडे बघून वाटतं, हे माहीत नसलेलं इथे कोणीच नाही."

फ्लोरिवाल व्हियोलाची एक खुंटी पिळत होता, ती तार बेसूर नव्हती. मग म्हणाला, "मला नाताळात कळलं. ओटिलियानं लिहिलं."

तुझा बाप म्हणाला, "मला ईस्टरला. तिकडे काम करणारा एक गवंडी सुट्टीवर आला होता." मग नाताळ म्हटलेलं त्याच्या डोक्यात शिरलं. "नाताळपासून माहीत होतं आणि तू मला बोलला नाहीस?"

चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं त्याला तू म्हटलं.

"बोललो असतो तर तू गाणं सोडलं असतंस."

"सोडलंच असतं."

"म्हणूनच."

जानेवारीत ते पाच ठिकाणी गायले होते, अमादेउ. फ्लोरिवालच्या खिशात पोरीचं पत्र होतं, आणि ज्याच्या पोरानं तिला टाकलं त्याच्या बापाला तो सूर देत होता. ईस्टरनंतर तुझा बापही तेच करत होता, फ्लोरिवालला कळू नये म्हणून जपत. मी एवढी वर्षं जगले, नवरे पाहिले, बायका पाहिल्या, पण माणसं एकमेकांना इतकी जपताना मी लग्नात कधी पाहिली नाहीत.

तुझा बाप टोपी घेऊन उठला आणि गेला. सालीचं काम सुरू झालंच होतं, तो डोंगरात टोळीबरोबरच झोपायला लागला. शनिवारी यायचा, पिशवीत पलीकडच्या गावचा पाव. मी म्हटलं, "फ्लोरिवालनं तुझं काय वाईट केलं?"

"काहीच नाही केलं. म्हणूनच तिकडे जाता येत नाही."

पाच बुधवार असेच गेले. दाढी इतकी वाढली की करकोच्यांनी घरटं केलं असतं. मी हे हसत बोलते आहे, पण त्या आठवड्यांत मी हसले नाही. परत भिंतीकडे तोंड करून बसायचा. माझ्याच वयाचा वाटायला लागला, आणि मी त्याची आई.

जुलैच्या सुरुवातीला ओटिलिया लिडियाला घेऊन आली. सगळा उन्हाळा भट्टीवर राहणार आहे. मला भेटायला आली, कॉफीचं पाकीट आणलं, माझी नखं कापून दिली. वाळली आहे. तुझ्याविरुद्ध एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्याच शनिवारी संध्याकाळी फ्लोरिवाल आमच्या दारात आला. तुझा बाप अंगणात बादलीत पाय सोडून बसला होता. त्याला उठता येईना, पाय ओले. मला वाटतं फ्लोरिवालनं वेळ बघूनच गाठली.

"जत्रेच्या कमिटीवाला आला होता," तो म्हणाला. "विचारतो, नाव काय लावायचं."

"माझं काढून टाक."

"मग काय सांगू? 'एक व्याही'?"

"व्याही राहिलोय कुठे आपण."

"ते मला सांगू नकोस. व्हॅनवर रंगवलंय. पुसायला गेलो तर खालचा पत्रा निघून येईल."

"मी कुठल्या तोंडानं गाऊ, फ्लोरिवाल?"

"जे आहे त्याच. ते कधीच फार देखणं नव्हतं."

तुझा बाप हसला नाही. टॉवेल घेऊन पाय पुसत बसला, कोरडे झाले तरी पुसत होता. मग म्हणाला, "बुधवारी दुपारी बंदच असते ना भट्टी अजून?"

"तू यायचा बंद झालास म्हणून दोन वेळा उघडली. गिऱ्हाईक आलं नाही."

तर आता पुन्हा बसतात. आता अरे-तुरे झालं, अहो-जाहो परत आलं नाही. तिसरं कडवं अजून गात नाहीत. त्या जागी फ्लोरिवाल नुसता वाजवतो आणि तुझा बाप थांबतो. लोकांना वाटेल, बसवलंच तसं आहे.

इथे पत्र संपवता आलं असतं. एर्मेलिंदाचा कागदही संपत आला आहे. ती विचारते, "एवढंच ना मावशी?" एवढंच नाही. एक निरोप आहे. तो मी गेल्या रविवारीच द्यायचा होता. त्या रविवारी मी एर्मेलिंदाला सांगितलं, आज डोकं दुखतंय. डोकं दुखत नव्हतं.

तुझं कार्ड आलं त्या संध्याकाळी तुझा बाप कुऱ्हाडीला धार लावत होता. माझ्याकडे पाठ करून.

"आई, त्याला पत्र लिहिशील तेव्हा लिही."

"काय लिहू?"

"तुला माहीत आहे."

"मला एवढं माहीत असतं तर मी शाळेत गेले असते. तोंडानं बोल."

दगडावर पातं चार वेळा फिरलं. मी मोजलं. मग म्हणाला, "त्याला म्हणावं, ऑगस्टात नको."

मी विचारलं, फ्लोरिवाल काही बोलला का. नाही म्हणाला, फ्लोरिवाल कधी बोलणार नाही. तू चौकात तिला घेऊन उभा राहिलास, आणि शेजारी ओटिलिया पोरीचा हात धरून, तरी तो मान खाली घालून वाजवेल. "तेच मला बघवणार नाही," तुझा बाप म्हणाला. "मी एकदा त्याच्याकडून एवढं घेतलंय, आई. आणखी एकदा नाही घेता येणार."

मग धार लावायला लागला. ती कुऱ्हाड आता दाढीसुद्धा करेल.

तुला राग येईल. ये म्हणून तीन वर्षं जी पत्रं आली ती याच घरातून आली. सप्टेंबरात मला त्र्याऐंशीवं लागेल, आणि तुला बघावं एवढीच एक गोष्ट मी अजून कोणाकडे मागते. तुझ्या बापाला हे माहीत आहे, म्हणून तर तो पाठ करून बोलला. मी त्याला म्हणू शकले असते, माझं घर आहे, माझा नातू येणार. त्यानं ऐकलं असतं. जत्रेच्या दिवशी मी तुझा हात धरून बसले असते आणि तो गायला गेला नसता, आणि पुढच्या बुधवारीही गेला नसता. मग मी त्याला भिंतीकडे बघताना बघत बसले असते. मला ते जमणार नाही. तुझ्यापेक्षा तो मला जास्त प्रिय आहे असं नाही. तू तिकडे एकटा नाहीस. तो इथे एकटा होता.

म्हणून निरोप देते. ऑगस्टात येऊ नकोस.

एर्मेलिंदानं पेन खाली ठेवलं होतं. मी उचलायला लावलं.

आता माझं स्वतःचं सांगते. तुझ्या बापानं ऑगस्ट म्हटलं. नोव्हेंबराबद्दल तो काही बोलला नाही, आणि मी विचारलं नाही. नोव्हेंबरात ये, नवी वाइन उघडतात तेव्हा. बाहेरगावचं कोणी नसतं, चौक रिकामा असतो. एकटा ये. ती भली आहे तर पंधरा दिवस वाट बघेल. बसमधून उतरलास की इकडे येऊ नकोस. आधी फ्लोरिवालच्या दारात जा आणि त्याच्याकडे बघून बोल. काय बोलायचं ते मी सांगणार नाही. कागदावर लिहून नेऊ नकोस, आणि मलाही सांगायला सांगू नकोस. तो दार लावेल किंवा लावणार नाही. नंतर आपल्या बापासमोर बस. तो बोलणार नाही, तरी बस.

मग माझ्याकडे ये. मी शेवटी असले तरी चालेल. नोव्हेंबरापर्यंत थांबायचा प्रयत्न करते, तेवढं मी इतरांसाठीही केलं आहे. नसले तर पहिल्या दोन दारांत जायचं चुकवू नकोस, माझ्या दाराचं बघून घेऊ.

तुला न बोलावणारी,
तुझी आजी
पेर्पेतुआ